रंग तेवढा हवा

घरी केलेली बीअर एकदा मनासारखी जमली की माणसाने गप्प बसावं. मी बसलो नाही. चव उत्तम होती, पण रंग पाहून तिला कावीळ झाल्यासारखं वाटायचं. मला ती तांबूस हवी होती. चव मात्र तीच!

आधी क्रिस्टल माल्ट घातला, म्हणजे मोड आणून गोडसर भाजलेलं बार्लीचं धान्य. रंग आला, पण मागोमाग कॅरमेलचा गोडवाही बिऱ्हाडासकट राहायला आला. मग काळ्या भाजक्या माल्टकडे वळलो. हा गडी जबरा. वीस लिटरला पन्नास-साठ ग्रॅम टाकला तरी फिकी बीअर तांबूस होते. मी भरवशासाठी पाव किलो टाकला. बीअर गडद तपकिरी झाली आणि चव करपलेल्या भाकरीची. बरं, रंग चढवता येतो, उतरवता येत नाही. पाणी घालावं तर चवही पातळ होते.

मग अभ्यासाला लागलो. १८८० च्या दशकात जोसेफ लोविबाँडने बीअरचा रंग मोजायला रंगीत काचांचं यंत्र बनवलं. माल्टचा रंग आजही बऱ्याच ठिकाणी त्याच्याच अंशांत सांगतात. बीअरचा रंग 'एसआरएम' या मापात, आकडा मोठा तितका रंग गडद: फिकी पिल्सनर तीन-चार, काळी स्टाउट तीस-चाळीस. मला हवा होता दहा.

शेवटी साल काढलेला काळा माल्ट आणला, कारण तोंड आवळणारा तुरटपणा सालीत जास्त. तो रात्रभर गार पाण्यात भिजवला, गाळला, पाच मिनिटं उकळला. झाला शाईसारखा अर्क. आधी एका ग्लासात सिरिंजने थेंब मोजून टाकले, मग गुणाकार करून पिंपात. पिंपात पाहतो तर काळंकुट्ट! पोटात गोळा आला. ग्लासात काढली तेव्हा तांबूस. थर जाड असला की रंग गडद दिसतो, हे शाळेत शिकलो असेन, पण त्या दिवशी कुठे आठवतंय!

मित्राला बोलावलं. एक घोट घेऊन तो म्हणाला, "वा! भाजकेपणा काय छान उतरलाय!"

माझ्या डोळ्यांपुढे काजवे. त्याला डोळे मिटायला लावले आणि बिनरंगाच्या पिवळीचा ग्लास हातात दिला.

"हीच ना मघाची?"

"डोळे उघड."

त्याने ग्लासाकडे पाहिलं, पुन्हा एक घोट घेतला आणि मान हलवली. "नाही रे, ही जरा पाणचट आहे."