‘वेडाचं सोंग घ्या आणि सुटा’ या मेसेजला उत्तर

‘गुन्हा करा, वेडाचं सोंग घ्या, तुरुंगाऐवजी रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात आराम करा आणि सुटा. असल्यांना कोठडीतच ठेवा, गाव तरी सुरक्षित राहील.’ हा मजकूर सध्या कोकणातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्यातलं जवळपास प्रत्येक विधान चुकीचं आहे.

आधी सोंगाबद्दल. गुन्हा घडला त्या क्षणी आपण काय करतोय हे आरोपीला कळत होतं का, हा एक प्रश्न. तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा, आणि कळत नव्हतं हे सिद्ध करायचा भार आरोपीवरच असतो. आजाराची जुनी फाईल दाखवून भागत नाही. आज खटला समजून घेऊन तो स्वतःचा बचाव करू शकतो का, हा दुसरा. करू शकत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे खटला कसा चालवायचा हे सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम ३६७ पासूनच्या तरतुदींनी खटला थांबतो, संपत नाही. माणूस सावरला की खटला पुन्हा सुरू होतो. ओपीडीत पंधरा मिनिटं सोंग वठेल. पण वॉर्डात झोप, जेवण, आंघोळ, रात्री दोन वाजता सिस्टर फेरीला येते तेव्हाचं वागणं, हे सगळं आठवडाभर जुळवून आणणं फार कठीण.

‘सुटा’ म्हणाल, तर निर्दोष ठरला तरी दार आपोआप उघडत नाही. कृत्य त्याच्याच हातून घडलं असेल तर न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवू शकतं किंवा हमी घेऊन नातेवाइकांकडे सोपवतं. खरा धोका उलटा आहे, माणूस विसरला जाण्याचा. आसामचे मचांग लालुंग १९५१ मध्ये पकडले गेले आणि खटला न चालताच २००५ मध्ये बाहेर आले.

आता कोठडी. स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन घेणाऱ्या रुग्णाच्या गोळ्या दोन दिवस चुकल्या, तर नेहमीचा डोस एकदम देता येत नाही. साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावा लागतो, नाहीतर रक्तदाब कोसळू शकतो. टोकाच्या मनःस्थिती आवरायला लिथियम घेणाऱ्याला एप्रिल-मेच्या उकाड्यात पुरेसं पाणी मिळालं नाही तर रक्तातली पातळी विषारी होऊ शकते. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, नसलेली माणसं दिसू लागतात. बाहेरून ते वेड वाटतं, पण तो जीवघेणा आजार आहे आणि त्याला थायमिन (जीवनसत्त्व बी-१) आणि लोराझेपामसारखं शांत करणारं औषध तातडीने लागतं. शिवाय बरळणारा प्रत्येक जण मनोरुग्ण नसतो. साखर उतरलेली असू शकते, डोक्याला मार असू शकतो, पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) तापही असू शकतो. म्हणून पहिल्या तासात साखर, ताप, डोळ्यांच्या बाहुल्या बघायलाच हव्यात.

हायवेवर किंवा स्टेशनवर भरकटणाऱ्या माणसाबद्दल २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० स्पष्ट आहे: पोलिसांनी संरक्षणात घेतल्यापासून २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. गुन्हा दाखल झालेल्या कैद्यालाही कलम १०३ खाली उपचारासाठी हलवता येतं.

‘कोकणात सोय कुठे आहे?’ या एकाच आक्षेपात तथ्य आहे. दोडामार्गातल्या कुटुंबाला रत्नागिरी गाठण्यात अर्धा दिवस जातो. डिस्चार्जनंतर एसटीचं भाडं नसलं की गोळ्या बंद, मग घरचे देवस्कीकडे, म्हणजे देव-भुताच्या उपायांकडे वळतात आणि आजार उलटतो. पण उपाय कोठडी नव्हे. पुढची तारीख जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत लावून घ्या, महिन्याच्या गोळ्या एकदम मागा आणि मधल्या काळात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

घरच्या माणसाला अटक झाली तर त्याच दिवशी ठाणे अंमलदाराला आजाराची लेखी माहिती द्या, पोच घ्या. केसपेपर, शेवटची चिठ्ठी आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या. नाव आठवलं नाही तरी पाकिटावरून डॉक्टर डोस ओळखतात. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेतील तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी मागा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, १५१०० वर फोनही लागतो. तो स्वतःचा बचाव करू शकत नाही असं आढळलं आणि दाखल करण्याची गरज नसेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६९ खाली, गुन्हा अजामीनपात्र असला तरी, न्यायालय जामीन देतं. मात्र नियमित उपचार करू आणि कोणाला इजा होऊ देणार नाही, अशी हमी एखाद्या नातेवाइकाने किंवा मित्राने द्यावी लागते. ती द्यायला कोण येणार, हे घरात आधी ठरवा. बऱ्याच वेळा जामीन तिथेच अडतो.