सेडर आमच्या घरी झाला, पण आमचा नव्हे

१२ एप्रिल २०२५, बरोब्बर हनुमान जयंतीच्या दिवशी, आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरी पेसाखचा (ज्यूंचा इजिप्तमधून सुटकेचा सण) सेडर, म्हणजे पोथी वाचत करायचं जेवण, झाला आणि तेव्हापासून लोक विचारतायत की तुम्ही ज्यू कधी झालात 😄 नाही झालो हो. शेजारच्या ज्यू आजी दरवर्षी आम्हाला बोलवायच्या, आता गुडघे गेले, एवढा स्वयंपाक झेपत नाही, म्हणून टेबल आमचं, एवढंच.

खरी मजा आदल्या आठवड्यात. आजी किचनमध्ये खुर्ची टाकून बसल्या आणि मला एकेक डबा उघडायला लावला. पेसाखला मात्झा (बिनखमिराची पोळी) सोडून गहू, ओट्स असलेलं काही चालत नाही, म्हणून कणीक, रवा, शेवया, ओट्स सगळं गेलं गॅरेजमध्ये. हिंगाची डबी मी बिनधास्त पुढे केली, तर त्यांनी चष्मा लावून लेबल वाचलं आणि गपचूप बाजूला सरकवली. हिंगात गव्हाचं पीठ! वीस वर्षं फोडण्या घालतेय, कधी वाचलंच नव्हतं. त्या अश्कनाझी, म्हणजे युरोपकडच्या ज्यू, त्यामुळे डाळ, तांदूळ, मोहरी पण बाद. उरला बटाटा.

शनिवार, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, होता म्हणून अंधार पडेपर्यंत सुरुवात नाही, पोरं भुकेने कावलेली. आजींकडच्या धाकट्याने सेडरला लहान मुलाने विचारायचे ते चार प्रश्न वाचले, तेही अडखळत. मग कडू खायची वेळ आली, हॉर्सरॅडिशने सगळ्यांच्या नाकाडोळ्यातून पाणी, आणि आमचा एक मित्र लगेच, "अरे हे तर आपलं पाडव्याचं कडुनिंब!" आजी हसल्या, पण मला राग आला. अरे बाबा, ती इजिप्तमधल्या गुलामीची आठवण आहे, दुसऱ्याच्या घरात जाऊन लगेच आपली पाटी कशाला लावायची? इथली काही चर्च सेडर करतात आणि त्यात येशूची गोष्ट घुसवतात, तेही मला अजिबात पटत नाही. टेबल आपलं असू दे, पोथी त्यांचीच आणि वाचणारेही तेच.

आणि पोथी मराठीच हवी असेल तर १८७४ साली पुण्यात बेने इस्रायलींसाठी छापलेली हिब्रू-मराठी हगादा (सेडरची पोथी) आहे की! बेने इस्रायली म्हणजे आपले अलिबागकडचे ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. त्यात साड्या नेसलेल्या बायका खाली बसून मात्झा करतायत असं चित्र आहे, ते मी आजींना फोनवर दाखवलं. बेने इस्रायलींच्यात हारोसेत (सेडरचा गोड पदार्थ) म्हणजे खजुराचा दाट पाक असतो आणि पेसाखला भात चालतो हेही सांगितलं. आजींनी झूम करून बराच वेळ बघितलं.

"भात चालतो? आठही दिवस?"

हो म्हटलं.

"आणि मी ऐंशी वर्षं बटाटे खातेय," असं म्हणून त्यांनी फोन परत दिला.