‘सोलापूरकरांना ऊन लागत नाही’ असं म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

आठवडाभर आपल्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, मला चार ठिकाणांहून आला. म्हणणं असं की सोलापूरकर ४४ डिग्रीत वाढलेला माणूस, त्याला ऊन काय करणार, तर मे महिन्यात बुलेट काढा आणि जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क बघून या, गर्दी नाही, हॉटेल निम्म्या भावात, हवा कोरडी म्हणून घाम नाही, गाडीवर वारा लागतोच, खिशात कांदा ठेवायचा आणि तहान लागली की पाणी प्यायचं, बस. माझ्या चुलतभावाच्या ग्रुपने तारीखसुद्धा ठरवलीय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

गर्दी नसते हे खरंय. तिथला सीझन ऑक्टोबर ते मार्च, मे मध्ये लोक का जात नाहीत याचं उत्तर त्यातच आलं.

आता सवयीचं. आपण ४४ मध्ये राहतो म्हणजे करतो काय? सकाळी दहाच्या आत भाजी-बिजी उरकतो, दुपारी नवी पेठेत चिटपाखरू नसतं, सगळे कूलरसमोर आडवे. आपण टिकतो ते सावलीच्या जोरावर. शरीराला उन्हाची सवय होते हे खोटं नाही, पण त्याला रोज उन्हात काम करत आठवडा-दोन आठवडे लागतात, ती शेतात आणि बांधकामावर राबणाऱ्यांना असते, एसीत बसणाऱ्या माझ्या चुलतभावाला नाही. आणि तिथे सावली कुठली? ३१६२ चौरस किलोमीटरचं पार्क, जैसलमेर-बाडमेर दोन जिल्ह्यांत पसरलेलं, वाळू, खडक, गवत, मध्येच एखादं खेजडीचं झाड. त्याच पट्ट्यात, शेजारच्या फलोदीला १९ मे २०१६ ला पारा ५१ ला गेला होता.

लांब कशाला, आपलं नान्नज घ्या. माळढोक अभयारण्याचा तो उघडा माळ. दोन वर्षांमागे मे मध्ये मी आणि धाकटा भाऊ काळवीट बघायला गेलो, निघायला उशीर झाला आणि अकरा वाजले तरी आम्ही माळावरच. आधी त्याचं डोकं दुखायला लागलं, मग चालताना झोकांड्या, आणि मग तो काहीतरी असंबद्ध बोलायला लागला, घरचा पत्ता विचारला तर सांगता येईना. गाडीच्या सावलीत झोपवलं, सोबतचा सोलापुरी टॉवेल कॅनच्या पाण्यात भिजवून अंगभर फिरवला, वारा घातला, १०८ ला फोन केला. वाचला. डॉक्टर म्हणाले अजून अर्धा तास गेला असता तर अवघड होतं. त्या दिवशी पारा ४२ होता हो, ५१ नाही.

आणि हेही तिथेच कळलं की बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. आधी अंग गार करायचं.

घाम येत नाही म्हणे. येतो, भरपूर येतो, फक्त कोरड्या हवेत तो लगेच उडतो म्हणून शर्ट ओला दिसत नाही. उन्हात चाललात तर तासाला लिटरभर पाणी सहज जातं आणि तहान त्यामानाने उशिरा लागते. म्हणून न लागता घोट घोट पीत राहायचं, माणशी दिवसाला चार लिटर तरी, आणि सोबत ओआरएस, कारण घामातून मीठही जातं, नुसतं पाणी ढोसूनही त्रास होतो. घरात बीपीच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारं कोणी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊच नका.

गाडीवरचा वारा हा मला सगळ्यात घातक मुद्दा वाटतो. हवा अंगापेक्षा गरम असेल तर वारा अंग तापवतो, ४० च्या पुढे पंख्याचंसुद्धा तेच होतं (नान्नजला वारा घातला तो ओल्या अंगावर, ते वेगळं). अमेरिकेतल्या डेथ व्हॅली पार्कमध्ये ६ जुलै २०२४ ला सहा जण मोटारसायकलवर फिरत होते, तापमान ५३ च्या वर, त्यातला एक जण गेला. हेलिकॉप्टर बोलवायला गेले तर ते येऊ शकलं नाही, कारण इतकी तापलेली हवा विरळ होते आणि हेलिकॉप्टरला उचल मिळत नाही. त्या पार्कचे लोक उन्हाळ्यात सांगतात की सखल भागात सकाळी दहानंतर पायी फिरूच नका. मदतीला धावून येणारी माणसंही त्याच उन्हात असतात हे ‘काही झालं तर फोन करू’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

कांद्याचं एवढंच, खिशातला कांदा अंग गार करत नाही. भाकरीसोबत खा.

चुलतभावाला मी सांगितलंय, तिकीट नोव्हेंबरचं काढ. सुट्टी मे मध्येच मिळत असेल तर बुलेट घरी ठेवून एसी गाडी करा, नऊच्या आत बाहेर, मग थेट पाचनंतर, टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, कुठे जातोय आणि कधी परत येणार ते हॉटेलवाल्याला सांगून निघायचं, गाडी बंद पडली तर तिची सावली सोडून चालत सुटायचं नाही. आणि तो मेसेज कोणाला पुढे पाठवला असेल तर त्यांना हेही पाठवा, निदान ज्यांच्या घरची पोरं या महिन्यात निघालीत त्यांना तरी.