उसाचं बिल, दुधाचं बिल आणि महिन्याचं बजेट: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

घरखर्चाच्या बजेटवरच्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सवडीनं लिहिते आहे. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. "हे सगळं पगारदारांचं आहे. आमच्याकडं उसाचं बिल वर्षातनं एकदा, दुधाचं दहा दिवसाला, पोरगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हजेरीवर. तुमचं पन्नास-तीस-वीस यात कुठं बसवायचं? ज्याला पुरतच नाही त्यानं वहीत लिहून महागाई कमी होणार आहे काय? आणि बाईमाणसानं घरात हिशेब विचारला की भांडण ठरलेलं."

पन्नास-तीस-वीसचं लगेच संपवते. कायद्याच्या प्राध्यापक एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीनं २००५ साली अमेरिकेत मांडलेलं हे गणित. कर वजा जाऊन हातात आलेल्या रकमेतला निम्मा भाग गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला आणि कर्जफेडीला. दर महिन्याला ठरलेली रक्कम येणार हे त्यात गृहीत आहे. लेखातही मी ते पगारदारांच्या भागातच दिलं होतं. तुमच्या घराला ते लावायचंच नाही.

पण म्हणून बजेट तुमच्यासाठी नाही, हे मला अजिबात पटत नाही. पगारदाराचा हिशेब बिघडला तर एक तारखेला परत पैसे येतात. उसाच्या बिलाचा बिघडला तर पुढच्या गळितापर्यंत वाट बघायची, आणि तोवर दुकानदाराची उधारी नाहीतर हातउसने. पैसा जितका कमी आणि जितका अवेळी येतो, तितकी हिशेबाची गरज जास्त. फक्त महिना हे माप सोडून वर्ष धरायचं.

कसं ते एका घरावरून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमचे वेगळे असतील.

वीस गुंठे ऊस, वीस टन, टनाला ३,४०० रुपये म्हणजे ६८,०००. त्यातून सेवा सोसायटीचं पीक कर्ज ३०,००० परस्पर कापून गेलं की हातात ३८,०००. दुधाचं पशुखाद्य कापून दहा दिवसाला ३,००० म्हणजे महिन्याला ९,०००. पण म्हैस बारा महिने दूध देत नाही. आटल्यावर बिल थांबतं, वैरण थांबत नाही. म्हणून नऊच महिने धरायचे, ८१,०००. मुलाची हजेरी भरली तर १२,०००, काम कमी असलेल्या महिन्यात ९,०००. इथं कमीतली रक्कमच धरायची. वर्षाचे १,०८,०००. तिन्ही मिळून २,२७,०००, म्हणजे महिन्याला सुमारे १८,९००.

हा तुमच्या घराचा पगार. मुलाला ओव्हरटाइम मिळाला, दिवाळीला दुधाचा दरफरक आला, तर ते वरचं. दरफरक दिवाळीच्या खरेदीत गेला तरी चालेल, पण त्याच्या भरवशावर श्रावणात उधारी करू नका.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते गाडी इथंच अडते. एप्रिल आला की वर्षाची चटणी. ब्याडगी, संकेश्वरी आणि तिखटपणाला लवंगी मिरची, धने, खोबरं, तीळ, खडा मसाला, कांदा-लसूण, वर डंकाची मजुरी. सहा माणसांच्या घरात एका दिवसात काही हजार जातात. जूनला वह्या-पुस्तकं, गणवेश, फी. मग गणपती, दिवाळी. त्याशिवाय जोतिबाची यात्रा, गावची जत्रा, पाहुण्यांच्या घरची लग्नं, घरफाळा, पाणीपट्टी, पावसाआधी कौलं नाहीतर पत्र्याचं काम. यातला एकही खर्च अचानक येत नाही. चटणी एप्रिलात कुटायची हे सासूबाईंनाही माहीत होतं आणि तुम्हालाही आहे. तरी दरवर्षी तो खर्च त्या महिन्याच्या पैशातून काढला जातो आणि तो महिना कोलमडतो. मग तोंडातून येतं, "यंदा लई अडचणीचं गेलं."

हे सगळं एका कागदावर लिहून बेरीज करा. समजा ५४,००० झाली. बाराने भागली की ४,५००. म्हणजे १८,९०० मधले ४,५०० आधीच वर्षाच्या खर्चाचे, आणि महिन्याला खरे हातात १४,४००. किराणा, गॅस, वीज, मोबाईल, औषध, पेट्रोल एवढ्यात बसतं का? नसेल बसत, तर ती तूट आत्ता दिसू दे. सप्टेंबरात दुकानदारानं खातं पुढं सरकवल्यावर कळण्यापेक्षा ते बरं. महागाई वहीनं कमी होत नाही हे तुमचं अगदी खरं आहे. पण तूट दोन हजारांची आहे की सहा हजारांची, हे कळल्याशिवाय उधारी कुठं थांबवायची, पोरीच्या क्लासचं काय करायचं, यातलं काहीच ठरवता येत नाही.

उसाच्या बिलाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण वर्षभराचा आधार त्याच्यावर आहे. कायद्यानं ऊस गेल्यावर चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, मिळायला हवी, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तसं आहे. तरी ती तारीख धरून कुणाला शब्द देऊ नका. रक्कम जमा झाली की पहिल्या आठवड्यात काही घ्यायचं नाही, ना गाडीचं डाऊन पेमेंट, ना सोन्यासाठी गुजरीत फेरी. आधी उधारी मिटवायची. उरलेले पैसे रोजच्या एटीएम कार्डाच्या खात्यात न ठेवता दुसऱ्या खात्यात टाकायचे आणि तिथून महिन्याला ठरलेलीच रक्कम काढायची. सोसायटीची फेड मात्र मुदतीत झालीच पाहिजे, कारण तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जावरची व्याज सवलत वेळेत फेडणाऱ्यालाच मिळते.

तुम्ही पिग्मी आणि भिशीचंही विचारलंत. पिग्मी मला आवडते. दारात येऊन रोज वीस-पन्नास रुपये नेणारा माणूस असला की हात आपोआप आवरतो. पण बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. म्हणून पतसंस्थेच्या पिग्मीत चटणीचे, शाळेचे, म्हणजे वर्षाच्या आत लागणारेच पैसे ठेवा. पोरीच्या लग्नाचे नको. त्यासाठी पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव आहे, महिन्याला १०० रुपयांपासून. भिशीत ओळखीच्या बायका असल्या तरी एकीनं मध्येच हात वर केले तर दाद मागायची सोय जवळजवळ नसते. बुडाली तर सोसेल एवढीच लावा.

आणि मे अखेरीला खात्यात ४५६ रुपये राहतील असं बघा. बँकेतून पंतप्रधान योजनेचे दोन्ही विमे घेतले असतील, तर त्यातून जीवनज्योती या आयुर्विम्याचे ४३६ आणि सुरक्षा या अपघात विम्याचे २० कापले जातात. शिल्लक नसली की विमा बंद पडतो आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही.

लिहायला वेळ कुठला, या प्रश्नाचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघराच्या दारामागं लटकत असणार. कॅलेंडरवर "गॅस लावला" आपण लिहितोच. दूधवाल्याच्या खाड्याची फुली मारतोच. त्याच चौकोनात आलेले पैसे निळ्या पेननं आणि शंभराच्या वरचा गेलेला पैसा लाल पेननं लिहा. चहा-बिस्किटाचा हिशेब नको. माझ्या ओळखीच्या एका वहिनींच्या कॅलेंडरवर ऑगस्टात लाल आकडे दाटीवाटीनं आहेत आणि निळा फक्त दहा, वीस, तीस तारखेला. ते पान बघून त्यांच्या मालकांनी आपण होऊन गणपतीचा खर्च आखडता घेतला. कुणी काही बोललं नव्हतं.

भांडणाचं तुम्ही लिहिलंत ते मला सगळ्यात जास्त लागलं. "मागच्या महिन्यात पैसे कुठं गेले?" असं विचारलं की समोरच्याला झडती वाटते, मग तो मालक असो की मुलगा. त्याऐवजी पुढचं विचारा. "जूनला शाळेचे दहा हजार लागतील, कुठल्या बिलातनं काढायचे?" याचं उत्तर मिळून शोधावं लागतं, आणि सासूबाईंचाही त्यात मान राहतो. चटणीला मागल्या साली किती गेले हे त्यांच्याइतकं पक्कं घरात कुणाला सांगता येणार नाही. तिथूनच सुरुवात करा.

सोसायटी कापून उसाचे हातात किती येतात, म्हैस किती महिने आटते आणि मुलाचा सगळ्यात कमी पगार किती झाला, एवढे तीन आकडे कळवा. वरचा हिशेब तुमच्या आकड्यांनी मांडून इथंच खाली देते.