‘भीक’ या शब्दाबद्दल

आपली प्रतिक्रिया काल रात्री दोनदा वाचली. ब्लराथोनच्या लढाईत (इ.स. 591) इराणच्या ससानी घराण्याचा राजा खुस्रो दुसरा यानं पूर्व रोमन (बायझंटाईन) सम्राट मॉरिसच्या मदतीनं बंडखोर सेनापती बहराम चोबीनला हरवून गादी परत मिळवली. त्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, ‘खुस्रो दुसऱ्याला गादी रोमनांनी भीक म्हणून घातली, आणि तुम्ही त्याचे गोडवे गाता. आधी नीट वाचा, मग लिहा.’

आधी माझी चूक. या लढाईतला रोमन सेनापती नर्सेस आणि आधीच्या सम्राट जस्टिनियनसाठी इटली जिंकणारा नर्सेस एकच, असं मी लिहून गेलो. ते दोघे वेगळे. दुरुस्ती केली आहे, आभार.

पण ‘आधी नीट वाचा’ हे कुणाला सांगताय? कारखान्यातली नोकरी सांभाळून तीन वर्षं दर रविवारी मी एका निवृत्त शिक्षकांकडे फारसी शिकलो. हेतू मराठेशाहीतली पत्रं वाचण्याचा होता. त्या वाटेनंच ससानी इतिहासाशी ओळख झाली. चूक दाखवा, हवी तेवढी दाखवा. पण न वाचता लिहिणारा म्हणू नका. हे मला लागलं.

आता ‘भीक’. भिकेला मोल द्यावं लागत नाही. खुस्रोनं काय काय दिलं ते बघा. दारा हे सरहद्दीवरचं किल्ल्याचं शहर दिलं, जे त्याच्या सख्ख्या आजोबांनी 573 मध्ये रोमनांकडून जिंकलं होतं. मार्टिरोपोलिस हे शहर दिलं. आर्मेनियाचा मोठा भाग दिला. बहराम चोबीनही गप्प बसला नव्हता. मध्ये पडू नका, निसिबिस घ्या, असा त्याचा निरोप मॉरिसकडे गेलाच होता. 363 मध्ये इराणला द्यावं लागल्यापासून रोमनांच्या मनात सलणारं ते निसिबिस शहर! दोन्ही बाजूंनी बोली लागली होती आणि मॉरिसनं एक निवडली. याला मराठीत सौदा म्हणतात. महाग सौदा म्हणा, माझी ना नाही.

आणि लढले फक्त रोमन? ही लढाई झाली त्या गंजकजवळ त्यांच्याबरोबर मुशेघ मामिकोनियनचे आर्मेनियन होते, खुस्रोच्या मामांभोवती जमलेले इराणी होते. राजधानी टेसिफोन तर खुस्रोच्याच सरदार महबोदनं ताब्यात घेतली. रोमन फौजेशिवाय बहराम हरला नसता, हे मी लेखात पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. तो तरी वाचलात का?

पुढचंही सांगतो, कारण खुस्रोला लाचार ठरवणं मला सहन होत नाही. मॉरिस जिवंत असेपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं, दोन्ही राज्यांत तह टिकला. 602 मध्ये बंड करून फोकासनं मॉरिसला मारलं आणि त्याचा सूड म्हणून खुस्रोनं युद्ध पुकारलं. त्यात त्याचा स्वार्थ होताच. पण उपकाराखाली वाकलेला माणूस 614 मध्ये रोमनांच्या ताब्यातल्या जेरुसलेमपर्यंत पोचत नाही.

बहरामच्या घराण्याचा आणि हत्तींचा मुद्दा आपण काढलात, त्यात आत्ता शिरत नाही. ‘भीक’ हा शब्द कुठल्या ग्रंथात वाचलात, तेवढं पान क्रमांकासह कळवा.