शेवळं, काकडं आणि पेटंटची भांडणं

जून लागला की भारतातून घरच्या ग्रुपवर मला दोन गोष्टी हमखास येतात, रानभाज्यांचे फोटो आणि त्या फोटोंवरून जुंपलेली भांडणं. मी ऑकलंडला राहतो, इकडे तेव्हा ऐन थंडी, त्यामुळे ही भांडणं हीटरशेजारी बसून निवांत वाचतो आणि बहुतेक वेळा गप्प बसतो, कारण परदेशात राहणाऱ्याने तोंड उघडलं की "तुला काय माहीत इथलं" हे ठरलेलं. पण यंदा लिहितोच.

भांडणाच्या दोन बाजू आहेत. मामेभाऊ म्हणतो की रानभाज्या म्हणजे सुपरफूड, ब्रँडिंग करा, पॅकिंग करा, पेटंट घ्या, नाहीतर अमेरिकावाले घेऊन जातील, हळदीचं काय झालं विसरलात का. मावशी बॉटनी शिकवायची, तिचं म्हणणं एकदम उलटं, की हे रील्स बंद करा, शहरातली माणसं गाड्या घेऊन येतात आणि कंदासकट उपटून नेतात, दहा वर्षांनी काही उरणार नाही. दोघांचंही थोडंथोडं पटतं. पण शेकडो मेसेजच्या त्या भांडणात शेवळं विकायला बसलेल्या बाईचं मत काय, हे कोणीच विचारलेलं नाही. फोटोत ती असते, पण तिचा फक्त हात दिसतो, जुडी पुढे करणारा.

आधी हळदीचं बघू, कारण ते प्रकरण मराठी घरात अभिमानाचा विषय आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं, डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने ते चॅलेंज केलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. मोठंच काम होतं. पण ते जिंकलं कशावर, तर छापील पुराव्यावर, म्हणजे ग्रंथ, जुने लेख, कागद. पुढे २००१ पासून सरकारने पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी उभी केली, त्यातही आयुर्वेद, युनानी, सिद्ध असल्या लिहून ठेवलेल्या परंपरांचे ग्रंथ गेले. हे सगळं योग्यच झालं, माझी तक्रार नाही. मात्र जे ज्ञान कोणी कधी लिहिलंच नाही ते या कुंपणाच्या बाहेर राहिलं, आणि रानभाज्यांचं जवळजवळ सगळं ज्ञान तसलंच आहे.

शेवळाचं उदाहरण घ्या. सुरणाच्या जातीतलं रोप, पहिल्या पावसाच्या आसपास जमिनीतून त्याचा कोंब वर येतो, आणि तसंच शिजवून खाल्लं तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव घ्यायचं नाही. त्यावर उतारा काकडाचा, म्हणजे त्याच दिवसांत रानात एका मोठ्या झाडाला येणारी आंबट फळं, ती ठेचून त्यांचा रस भाजीत घालायचा. रायगड-ठाण्याकडे शेवळं विकणाऱ्या कातकरी आणि ठाकर बायका जुडीबरोबर काकडं देतात ती याचसाठी. आता विचार करा, एक खाजरा कोंब आणि भलत्याच झाडाचं आंबट फळ यांची जोडी कोणीतरी कधीतरी जुळवली, किती जणांचे घसे सुजले असतील त्याआधी! कडूकंद तर त्याहून अवघड, तो नुसता उकडून भागत नाही, काप करायचे, राखेत शिजवायचे, वाहत्या पाण्यात ठेवायचे, तेव्हा कुठे त्याचं विष उतरतं. याला मी केमिस्ट्रीच म्हणेन, शिक्षण नसलेल्या माणसाचा अंदाज वगैरे अजिबात नाही.

न्यूझीलंडमध्ये याचा सख्खा भाऊ भेटतो. कराका नावाचं झाड आहे, नारिंगी फळांचं, गर गोड पण आतली बी विषारी, खाल्ली तर झटके येतात. माओरी, म्हणजे इथले मूळ रहिवासी, ती बी जमिनीतल्या भट्टीत बराच वेळ शिजवून मग वाहत्या पाण्यात कित्येक दिवस भिजत ठेवायचे आणि ती त्यांच्या साठवणीच्या अन्नात होती. सह्याद्री कुठे आणि पॅसिफिक कुठे, पण उपाय तोच. आणि कावाकावा तर आपल्या मिरीच्या आणि विड्याच्या पानाच्या कुळातलाच, पानही तसंच बदामी आकाराचं. इकडे अळीने भोकं पाडलेली पानं औषधाला जास्त चांगली मानतात. आता कावाकावाचं मलम इथल्या विकेंड मार्केटला सहज मिळतं, म्हणजे तिकडे रानभाजी तशी इकडे हे.

फरक पडतो तो पुढच्या प्रश्नात. १९९१ मध्ये वेगवेगळ्या माओरी जमातींच्या सहा जणांनी वायतांगी ट्रायब्युनलकडे, म्हणजे माओरींच्या करारभंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या आयोगाकडे, एक दावा लावला, त्याचा नंबर २६२, म्हणून सगळे त्याला वाय २६२ म्हणतात. इथल्या झाडाझुडपांवर, प्राण्यांवर आणि त्यांच्याबद्दलच्या ज्ञानावर माओरी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातल्या १८४० च्या वायतांगी कराराप्रमाणे आमचा जो अधिकार आहे त्याचं काय केलंत, असं त्यांनी सरकारला विचारलं. रिपोर्ट यायला २०११ उजाडलं, वीस वर्षं, तोवर दावा लावणाऱ्यांपैकी बहुतेक जण हयातही नव्हते. आणि ट्रायब्युनलच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, त्यामुळे आजही त्या रिपोर्टला पुरतं उत्तर मिळालेलं नाही. तेव्हा इकडे सगळं आलबेल आहे असं कृपया समजू नका. याच देशाने १९०७ मध्ये कायदा करून माओरी वैद्यांच्या कामावर बंदी घातली होती आणि तो कायदा १९६२ पर्यंत पुस्तकात होता. आधी पन्नास वर्षं गुन्हा ठरवायचं आणि मग मार्केटमध्ये मलम विकायचं, हा प्रकारही इथलाच.

तरी त्या दाव्यातून एक गोष्ट निघाली जी मला महत्त्वाची वाटते. २०२२ च्या वनस्पती-वाणांच्या कायद्यात एक माओरी समिती बसवलीय, आणि देशी झाडापासून केलेल्या नव्या वाणावर कोणी हक्क मागितला तर त्या झाडाची राखण करणाऱ्या लोकांच्या नात्याला धक्का बसतोय का हे ती समिती तपासते. बसत असेल आणि तो टाळता येत नसेल तर ती चक्क नाही म्हणू शकते. पैसे किती मिळाले हा प्रश्न त्यानंतरचा. आपल्याकडची सगळी चर्चा वाटा किती, रॉयल्टी किती, नफ्याचे किती टक्के इथेच फिरते, आणि समोरच्याला "नको" म्हणायची सोय असू शकते हे आपल्या डोक्यातच येत नाही.

आता आपल्या कायद्याकडे या, आणि इथे मामेभावाला धक्का बसेल, कारण कागदावर आपण न्यूझीलंडच्या पुढे आहोत. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(१)(ट) किंवा (के) जे काय असेल ते, त्यात स्वच्छ लिहिलंय की जैवविविधतेपर्यंत पोचण्याचा हक्क आणि तिच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक संपदेचा हक्क राहील. असं सरळ वाक्य इकडे मिळवायला लोक तीस-पस्तीस वर्षं भांडतायत. आपण ते छापलं आणि विसरलो.

उलट २०२३ मध्ये जैवविविधता कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने गाडी दुसऱ्याच दिशेला वळवली. ग्रंथात नोंदलेलं ज्ञान वापरणाऱ्यांना आणि नोंदणीकृत आयुष वैद्यांना लाभ-वाटणीतून, म्हणजे स्थानिक लोकांना फायद्यातला वाटा देण्यातून, सूट मिळाली, आणि पूर्वी तुरुंगवासाची तरतूद होती ती जाऊन दंडावर आली. त्याआधी २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने रामदेवबाबांच्या दिव्य फार्मसीच्या केसमध्ये सांगितलं होतं की देशी कंपन्यांनाही स्थानिक लोकांना वाटा द्यावा लागेल. म्हणजे कोर्ट म्हणालं द्या, आणि पाच वर्षांत संसद म्हणाली बऱ्याच जणांनी नाही दिलं तरी चालेल. उद्योगवाल्यांचं म्हणणं असं की छोट्या वैद्यांना त्रास होत होता. असेलही, पण मूळ २००२ च्या कायद्यात गावातल्या वैदू-हकिमांना सूट होतीच की. आता झालंय काय, की वनस्पती ग्रंथात सापडली तर सगळ्यांना फुकट, आणि नाही सापडली तर जंगलातल्या माणसाला विचारणार, पुरावा काय? दोन्हीकडून तोच हरतो. अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या विरोधात आपण ग्रंथ काढले, ते ठीकच, पण तेच ग्रंथ आता आपल्याच आदिवासींच्या विरोधात कामाला येतायत.

मावशी म्हणेल की मग नोंदी करा ना. जैवविविधता नोंदवह्यांची कल्पना माधव गाडगीळांची, आणि मूळ कल्पना सुंदरच होती, गावाने बसून आपलं आपण लिहायचं, काय लिहायचं आणि काय झाकून ठेवायचं तेही गावानेच ठरवायचं. पुढे हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची डेडलाइन लावली आणि नंतर महिन्याला दहा लाख दंड. डेडलाइन आणि दंड आल्यावर आपल्याकडे कागद कसे तयार होतात हे तुम्हाला मी सांगायला नको. वही भरली, शिक्का बसला, शेवळंवाल्या बाईला पत्ताही नाही.

आणि माहिती बाहेर पडली की काय होतं त्याचा नमुना म्हणजे नरक्या हे झाड. ही गोष्ट मला फार विचित्र वाटते. मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे, अमेरिकेत गेले, आणि तिथे मन्रो वॉल या सहकारी शास्त्रज्ञासोबत १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरवर चालणारं द्रव्य शोधलं. पुढे कळलं की तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे, आणि भरपूर आहे. झालं, कोल्हापूर-सातारा पट्ट्यात नरक्याची तोड सुरू झाली, ट्रकच्या ट्रक पकडले गेले. इथे मावशी शंभर टक्के बरोबर. पण तोडायला लावणारे कोण होते आणि कुऱ्हाड धरणारा मजूर कोण होता, यातला फरक तिच्या बोलण्यात राहत नाही, जंगल "लोकांनी" संपवलं एवढंच ती म्हणते.

एका बाबतीत आपण सगळेच सोयीने गप्प बसतो, ते म्हणजे प्राणी. रानभाज्यांचा महोत्सव होतो, ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या आसपास कृषी खातं स्टॉल लावतं, मंत्री येऊन टाकळ्याची भाजी चाखतात. पण कातकऱ्यांचं ज्ञान काही टाकळा-कुर्डूवर संपत नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे कुठल्या ओढ्याने चढणार, मुठे म्हणजे खेकडे कुठल्या बिळात, भाताच्या खाचरात उंदराने बीळ कुठून काढलंय आणि दुसरं तोंड कुठे असेल, हे सगळं त्याच डोक्यात आहे. त्याला मात्र महोत्सव नाही. उंदीर खाणारे म्हणून हिणवायचं, आणि घोरपड धरली की १९७२ च्या कायद्याखाली केस. वनहक्क कायद्यानेही शिकारीचा हक्क नावानिशी वगळलाय. घोरपड मारायला परवानगी द्या असं मी म्हणत नाहीये, आधीच गैरसमज नको. पण इकडे दक्षिणेला स्टुअर्ट बेटाच्या आसपासच्या बेटांवर राकिउरा माओरी दर वर्षी १ एप्रिल ते ३१ मे या काळात तीती नावाच्या समुद्रपक्ष्याची पिल्लं धरतात, आणि हे कायदेशीर आहे, नियम १९७८ चे, हक्क फक्त त्या वंशाच्या लोकांना, बाकी कोणी परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही. त्याच देशात केरेरू या रानकबुतराची शिकार पूर्ण बंद आहे, माओरींनासुद्धा. म्हणजे सरसकट हो किंवा सरसकट नाही असं न करता एकेका जातीचं बघून ठरवलं. आपल्याकडे ही चर्चा सुरू करायलाच लोक घाबरतात, एका बाजूला प्राणीप्रेमी, दुसऱ्या बाजूला शाकाहारी नाकं.

"ठीक आहे, पण परवानगी घ्यायची कोणाची? तिकडे जमाती संघटित आहेत, वकील आहेत, पार्लमेंटमध्ये १८६७ पासून राखीव जागा आहेत. इथे कोण?" हा मामेभावाचा प्रश्न, आणि तो चांगला आहे. उत्तर गडचिरोलीत आहे. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास त्यांच्या हातात आले, निर्णय ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने. अशा गावात कोणी कंपनीवाला किंवा पीएचडीवाला गेला तर कोणाला विचारायचं ते स्पष्ट आहे, आणि नाही म्हणायचं तर तेही कोणाच्या तोंडून येणार ते स्पष्ट आहे. तिथे रानभाजीला पेटंट हवं का, रील काढू द्यायचं का, हे गाव ठरवेल, आमच्या ग्रुपवर ठरायची गरज नाही.

पण मेंढा-लेखाकडे जंगल आहे. कर्जत-खालापूरकडच्या कितीतरी कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत, जागा विकली की फार्महाऊसचं कुंपण येतं आणि शेवळाची जागा कुंपणाच्या आत जाते. दिवाळीनंतर अर्धी वाडी वीटभट्टीवर, पोरं आईबापांबरोबर, ती परत येतात तेव्हा पाऊस तोंडावर. कंद कुठे खणायचा हे ज्या वयात बघून शिकायचं त्या वयात ते पोर विटा उलट्या करतंय. तिथे पेटंटचा कायदा कितीही कडक केला तरी काकडाचं झाड कुठलं हे त्याला कोण दाखवणार? म्हणून नोंदवही आधी की वाडीखालच्या जागेचा सातबारा आधी असं कोणी मला विचारलं तर मी सातबारा म्हणेन, वही पुढच्या वर्षी भरली तरी चालेल.