क्यू, कूलर आणि बाबांचं बनियन

पूल हा टेबलावर बॉल ढोसायचा खेळ, आणि ढोसायची काठी म्हणजे क्यू. या क्यूचा पुढचा निमुळता भाग, म्हणजे शाफ्ट, बहुतेक वेळा मेपलच्या लाकडाचा असतो. मेपल थंड प्रदेशात वाढतं. मी जळगावात वाढलो. आमचं दोघांचं जमत नाही ते इथूनच.

डाव्या हाताच्या बोटांमधून शाफ्ट सुळकन पुढे जायला हवा, ही या खेळाची पहिली अट. मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकला की आमच्याकडे तो निघतो, अडतो, पुन्हा निघतो आणि पांढरा बॉल भलत्याच पाहुण्याच्या गळ्यात पडतो. कारण घाम. त्यात हाताचं तेलकटपण, आणि वरून टिपला, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या छोट्या गादीला, फासलेला निळा चॉक. हा चॉक शाळेतल्या खडूच्या नात्यातला नाही. अमेरिकेतल्या विल्यम स्पिंक्स या बिलियर्ड्सपटूने एका रसायनतज्ज्ञाला हाताशी धरून 1897 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, त्यात सिलिका आणि कुरुंदाची पूड होती. टिप बॉलवरून घसरू नये म्हणून हे सगळं. पण तीच पूड घामात कालवली गेली की लाकडाच्या रंध्रांत ठाण मांडते, आणि गोरापान शाफ्ट वीतभर निळा-काळा होतो.

आमच्या पूल पार्लरमध्ये यावर दोन उपाय आहेत. पहिला टाल्कम पावडर. लोक ती तळहातावर अशी ओततात, की टेबलाशी वाकलेला माणूस खेळायला आलाय की बाळाला आंघोळ घालायला, कळू नये. थोडा वेळ शाफ्ट पळतो, मग पावडर, घाम आणि चॉक यांचं लुकण तयार होतं. दुसरा उपाय कूलर. त्याची ओली हवा लाकूड मुकाट्याने पीत बसतं, रेषा फुगतात, हाताला खरखर लागते. बाहेर पडलं की लू. असा ओला-सुका फराळ रोज झाल्यावर लाकडाने सरळ राहावं तरी का? टेबलावर लोळवून पाहिलं की टोक हळूच मान वर करतं.

घरी साफसफाईला बसलो की सल्ले सुरू होतात. आईचा सल्ला भांड्याच्या साबणाचा. ‘नळाखाली धर त्या काठीला, दोन मिनिटांत लख्ख!’ लाकडाला नळाखाली धरणं म्हणजे काय, हे तिला समजावण्यात माझी एक अख्खी सकाळ गेली. शेजारचे काका फर्निचरवाले. ते दारातूनच ओरडतात, ‘काय करून राह्यला रे भो? पॉलिश पेपर मार ना!’ आणि खिशातून जो कागद काढतात, त्याने दरवाजाची चौकटही दचकेल. पूलच्या शाफ्टचं टोक साधारण 12 ते 13 मिलिमीटर जाड. घासलं की मळासोबत लाकूडही जातं, आणि गेलेलं लाकूड परत येत नाही. दर महिन्याला काकांचं ऐकलं असतं, तर आज माझ्या हातात दात कोरायची काडी असती. वर त्यांना लॅकर मारायचं असतं. मग काय, घामात ते आणखीनच चिकटणार.

बाबांचं मत वेगळं. ‘थंड देशातल्या साहेबांचे खेळ हे. तुला कोणी सांगितलेत?’ मी त्यांना सांगितलं, की पूलचा चुलतभाऊ स्नूकर 1875 मध्ये जबलपूरला, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जन्मला. भुसावळहून इटारसीमार्गे सरळ गाडी आहे. तिथे काय साहेबांना घाम येत नसेल? बाबा म्हणाले, ‘त्यांचा क्यू पुसायला नोकर होते.’ यावर मला उत्तर सुचलं नाही.

खरी पद्धत अगदी साधी आहे. कापड ओलं करून घट्ट पिळायचं, इतकं की ओलं आहे की नाही याची शंका यावी. शाफ्ट पुसायचा आणि लगेच कोरड्या कापडाने कोरडा करायचा. हट्टी डाग असेल तर मेडिकलमधून स्पिरिट आणून कापडाच्या कोपऱ्याला लावायचं, पण टिप आणि तिच्या खालच्या पांढऱ्या टोपणापासून, म्हणजे फेरूलपासून, लांब, कारण तिथे गोंद असतो. मग चामड्याच्या तुकड्याने लाकूड गरम लागेपर्यंत जोरजोरात घासायचं. रेषा दबतात, तकाकी येते. बारीक खड्डा पडला असेल तर ओल्या फडक्याचा बोळा त्यावर थोडा वेळ ठेवायचा, लाकूड फुगून वर येतं. पंख्याखाली हे सगळं करताना शाफ्टवर नाकावरून टपकलेला घाम धरायचा की नाही, हे कोणी सांगत नाही.

अडतं ते कापडाशी. सुती हवं, मऊ हवं, धागे न सोडणारं हवं. खान्देश कापसाचा मुलूख, पण आमच्या घरात या तिन्ही कसोट्यांना उतरणारी वस्तू एकच, बाबांचं बनियन. ते जुनं झालं आहे असं माझं मत, आत्ताच अंगाला बसायला लागलं आहे असं बाबांचं. पाठीवरची भोकं हवेसाठी असतात, हा त्यांचा युक्तिवाद. शेवटी आईने मध्यस्थी केली, दोन नवी बनियनं आली आणि जुनं माझ्या ताब्यात मिळालं. मी ते धुतलं, वाळवलं, चौकोनी कापलं आणि क्यूच्या पिशवीत ठेवलं.

संध्याकाळी पार्लरला गेलो. शाफ्ट असा पळत होता, की दोन बॉल तर माझ्या नकळत भोकात गेले. तेवढ्यात एक मित्र शेवभाजी हाणून थेट ढाब्यावरून आला आणि म्हणाला, ‘दे ना भो तुझा क्यू, एकच फ्रेम.’

मी त्याच्या बोटांकडे पाहिलं. तर्रीचा एक थेंब नाही, नखंसुद्धा स्वच्छ.

‘हात कुठे धुतले?’

‘धुतले नाही, पुसले,’ तो म्हणाला. ‘तुझ्या पिशवीत ते मऊ फडकं होतं ना!’